अस्तराखालची गाठ

(दृश्य: परळ स्टेशन, सकाळची गर्दी)

निवेदन:

"गॅस झालाय." "जागरण झालं." "बाहेरचं खाल्लं." मुंबईत पोट दुखलं की कारण तयारच असतं. मेडिकलमधून गोळी आणायची, वर ग्लासभर ताक घ्यायचं आणि लोकल गाठायची. बहुतेकांना तेवढ्यानं बरंही वाटतं. ज्याला वाटत नाही, तो मात्र महिनोन्‌महिने ॲसिडिटीचीच औषधं घेत राहतो.

दोन घास खाल्ले की पोट भरतं. मधूनच दुखतं. हिमोग्लोबिन उतरत जातं, जिना चढताना धाप लागते. यातल्या एकाही तक्रारीवरून जठरातली गाठ ओळखता येत नाही. शौच डांबरासारखी काळी होऊ लागली, तर मात्र दिवस घालवू नयेत. लोहाच्या गोळ्यांनीही ती काळी होते, म्हणून चालू असलेली औषधं डॉक्टरांना सांगावीत. पण आत रक्तस्राव होत नाही ना, हे बघायलाच हवं.

(दृश्य: एंडोस्कोपी कक्ष, पडद्यावर जठराचा आतला भाग)

अशा दुर्मीळ गाठींपैकी एक म्हणजे जिस्ट, म्हणजेच गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर. जठराचा नेहमीचा कॅन्सर आतल्या अस्तरात सुरू होतो. जिस्ट वाढते भिंतीच्या आत, अस्तराच्या खाली. त्यामुळे दुर्बिणीतून बऱ्याचदा फक्त एक गुळगुळीत फुगवटा दिसतो. चिमट्यानं वरवरचा तुकडा घेतला, तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. तो रिपोर्ट अस्तराचा असतो, गाठीचा नव्हे. ही गोष्ट रुग्णाला आणि घरच्यांना कुणीतरी समोर बसवून नीट सांगायला हवी, कारण अनेकांचा शोध इथंच थांबतो.

पुढची तपासणी एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडची. दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफी असते. गाठ भिंतीच्या कोणत्या थरात आहे ते कळतं आणि तिथंच सुई घालून नमुना घेता येतो. गाठ जिस्टच आहे का, हे ओळखायला प्रयोगशाळेत त्यावर सीडी-११७ आणि डॉग-१ या चाचण्या होतात. दुसऱ्या हॉस्पिटलात दाखवायला जाताना नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही. नमुन्याच्या काचपट्ट्या आणि मेणातले ब्लॉकही मागून घ्यावेत.

सीटी स्कॅनवर गाठ पसरलेली नसेल, तर शस्त्रक्रिया. पूर्ण जठर काढावं लागतंच असं नाही. अनेकदा गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग पुरतो. गाठ फुटू न देणं महत्त्वाचं, कारण फुटली की पेशी पोटात पसरतात. परत उद्भवण्याचा धोका मोठा असेल, तर गाठीची वाढ रोखणारी इमॅटिनिब ही गोळी, साधारण ३ वर्षं. काही जनुकीय बदलांवर ही गोळी चालत नाही, म्हणून ती तपासणी आधी झालेली बरी.

१९९८ मध्ये जपानी संशोधकांनी या गाठीमागचा 'किट' जनुकातला बदल दाखवला. २००० मध्ये फिनलंडमध्ये पहिल्या रुग्णाला इमॅटिनिब मिळालं. त्याआधी पसरलेल्या जिस्टवर केमोथेरपीचा फारसा उपयोग होत नसे.

(दृश्य: औषधाच्या दुकानाचा काउंटर)

औषध आलं, पण मूळ कंपनी नोव्हार्टिसच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च १ लाखावर जात होता. भारतीय कंपन्यांचं तेच औषध १० हजारांच्या आसपास मिळे. नोव्हार्टिसच्या पेटंटला मुंबईच्याच कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननं विरोध केला आणि तो लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयानं पेटंट नाकारलं. भारतीय कंपन्यांची इमॅटिनिब बाजारात राहिली, आणि वर्षानुवर्षं रोज गोळी घेणं कितीतरी पगारदार घरांच्या आवाक्यात राहिलं.