गाडी ऑइल प्यायला लागली तर

श्रोतेहो, नमस्कार. "मिस्त्री, गाडी ऑइल प्यायला लागली" असं ट्रकमालक म्हणाला की गॅरेजमध्ये उत्तर ठरलेलं असतं, "इंजिन खोलावं लागेल." खोलायचं म्हणजे लायनर (ज्यात पिस्टन वरखाली होतो ती नळी), पिस्टन, त्यावरच्या रिंगा, बेअरिंग सगळं आलं. गाडी उभी, बँकेचा हप्ता मात्र चालू. आणि एवढं करून दुखणं दुसरीकडेच निघालं, तर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

तर आधी विचारा, पिते म्हणजे किती? थोडं ऑइल प्रत्येक डिझेल इंजिन जाळतंच. लायनरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर हवाच, आणि त्यातलं थोडं जळणारच. हिशेब डिझेलशी मांडावा. चारचं अ‍ॅव्हरेज, म्हणजे लिटरला चार किलोमीटर देणारी गाडी हजार किलोमीटरला २५० लिटर डिझेल घेते. तेवढ्यात अर्धा लिटर ऑइल गेलं, तर ते ०.२ टक्के झालं. खुशाल गाडी चालवा. सव्वा लिटर गेलं, तर अर्धा टक्का, म्हणजे आता शोध घ्यायला हवा. नेमकी मर्यादा तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत असते, ती पाहावी.

मोजण्यातच गोंधळ फार. ढाब्यावर गाडी एका अंगाला कललेली, इंजिन आत्ताच बंद केलेलं, क्लीनर ऑइल मोजायची पट्टी काढतो, ऑइल कमी दिसतं, लिटरभर ओतून मोकळा होतो. ऑइल वरच्या खुणेच्या फार वर गेलं की क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, ते घुसळतो आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाची वाफ सोडणाऱ्या नळीतून, बाहेर फेकतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी, पुन्हा ओतलं. त्यापेक्षा गाडी सपाटीवर लावा, इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग पट्टी बघा. किती ओतलं आणि तेव्हा मीटर किती होता, ते डायरीत लिहा. उलट न ओतताच पातळी वाढत असेल, तर ऑइलमध्ये डिझेल किंवा पाणी उतरतंय. ते ऑइल पिण्यापेक्षा वाईट.

मग बाहेरची गळती. इंजिन धुऊन घ्या, एक फेरी मारा आणि टॉर्च घेऊन खाली शिरा. क्रँकचं मागचं सील गळत असेल, तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली थेंब लोंबताना दिसतो. रेडिएटरच्या पाण्यावर तवंग असेल, तर ऑइल कूलर तपासा.

आता ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, तो ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर, म्हणजे ब्रेकसाठी टाकीत हवा दाबून भरणारा पंप. याला ऑइल इंजिनातूनच मिळतं. त्याच्या रिंगा झिजल्या की ऑइल हवेबरोबर टाकीत जातं. धूर नाही, जमिनीवर डाग नाही, पण पट्टी खाली खाली. हवेच्या टाकीचा ड्रेन कॉक उघडा. नुसतं पाणी आलं तर ठीक. काळपट, चिकट, ऑइलमिश्रित पाणी भसाभस आलं, तर आधी कॉम्प्रेसर उतरवा. इंजिनच्या मानाने हे काम किरकोळ.

टर्बोचंही, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचंही तसंच. ही हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजमध्ये हाताला थोडा ओलसरपणा लागतो, तो चालतो. होजमधून ऑइल ओघळत असेल, तर लगेच टर्बो बदलू नका. एअर फिल्टर चोंदला की टर्बोला हवा पुरत नाही आणि त्याची ओढ सीलमधून ऑइल खेचते. टर्बोचा ऑइल परतीचा पाइप तुंबला तरी तेच होतं. हे दोन्ही तपासून मगच शाफ्ट हलवून बघा.

एवढं सगळं निर्दोष निघालं, की मग रिंगा आणि लायनर. इंजिन गरम, आयडलवर, ऑइल भरायचं झाकण काढा. बारीक वाफ येतेच. पण गाडी जोर लावल्यासारखा धापा टाकणारा, झोताझोताने धूर आला, तर कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनवरचा दाब, रिंगांतून खाली उतरतंय. कसाऱ्याच्या चढावर लोड घेऊन निळा धूर सुटत असेल, तर संशय बळावतो. सकाळी सुरू करताना पुसटसा निळा धूर येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ते गाइड आणि त्याचं सील बघा, त्यासाठी लायनरला हात लावायची गरज नाही. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत सायलेन्सरमधलं फिल्टर धूर गिळून टाकतं. तिथे धुरावर विसंबू नका, डायरीवर विसंबा. जळलेल्या ऑइलची राख त्या फिल्टरमध्ये साठत जाते, हा वेगळा खर्च.

रिंगा कशामुळे झिजल्या, हेही विचारलं पाहिजे. माझा पहिला संशय नेहमी धुळीवर. एअर फिल्टर टायरवर आपटून साफ करणं, टायरवाल्याच्या पाइपने त्यात जोरात हवा मारणं, ही आपल्याकडची जुनी खोड. कागद बारीक फाटतो, दिसत नाही. फिल्टरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी होजला चीर असेल किंवा क्लिप ढिली असेल, तर फिल्टर नवा असूनही धूळ थेट आत. त्या होजमध्ये बोट फिरवा. बोटाला धूळ लागली, तर लायनर बदलण्याआधी होज आणि क्लिप बदला, नाहीतर नवे लायनरही त्याच वाटेने जातील.

आणि खोलून बांधलेलं इंजिन तासन्‌तास आयडलवर ठेवू नका. रिंगा बसायला दाब लागतो. बेताचा माल भरा, वेग कमीजास्त करत चालवा, आणि डायरीचं पहिलं पान त्याच दिवशी लिहायला घ्या. नमस्कार.