ठासणीचा बार, नव्या दारूचा

[दृश्य: नळीचं तोंड, अगदी जवळून. पितळी मापातून राखाडी दाणे आत ओघळतात.]

आत चाललीय ती पायरोडेक्स, काळ्या दारूच्या जागी वापरायची दारू. बंदूक ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची, पन्नास कॅलिबरची (नळीचा व्यास अर्धा इंच). अमेरिकेत सेंट लुइसच्या हॉकेन बंधूंनी एकोणिसाव्या शतकात घडवलेल्या रायफलीची ही आजची नक्कल. घोडा, त्याच्या आघाताने ठिणगी पाडणारी टोपी, लाकडी दस्ता, सगळं जुन्याच घाटाचं. कोकणात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर जी ठासणी अजून दिसते, तिची ही लांबची चुलत बहीण.

[दृश्य: दुकानातलं फडताळ, एकेका पौंडाचे डबे.]

सोरा, कोळसा आणि गंधक मिळून काळी दारू होते. अमेरिकी कायद्याने ती स्फोटक. विकायची तर स्फोटकांचा परवाना आणि ठेवायची कडक व्यवस्था, म्हणून बहुतेक दुकानदार तिच्या वाटेलाच जात नाहीत. सत्तरच्या दशकात सिअ‍ॅटलजवळ डॅन पॉलक यांनी यावर तोड काढली. मापाला काळ्या दारूसारखी, पण तितक्या चटकन पेट न घेणारी, धूरविरहित दारूच्या (आजच्या काडतुसांतल्या) नियमांत बसणारी अशी ही नवी दारू, पायरोडेक्स. १९७७च्या जानेवारीत तिथल्याच इसाक्वाच्या कारखान्यातल्या दुर्घटनेत पॉलक आणि तिघे सहकारी गेले. पुढे हॉजडन कंपनीने कॅन्ससमध्ये हेरिंग्टनला तिचं उत्पादन चालवलं.

२०२१मध्ये लुइझियानातला गोएक्सचा कारखाना, म्हणजे अमेरिकेतला काळ्या दारूचा एकुलता एक कारखाना, बंद होणार असं जाहीर झालं. पुढच्या वर्षी रॉकेटची खेळणी करणाऱ्या एस्टेसने तो घेतला म्हणून निभावलं. पर्यायी दारूला नाकं मुरडणाऱ्यांनी ते वर्ष आठवावं.

[दृश्य: माप आणि तराजू शेजारी शेजारी.]

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे. माप ७०वर लावलंय. हे ७० ग्रेन मापाचे, वजनाचे नव्हेत. माप असं आखलेलं असतं की तेवढ्या जागेत काळी दारू भरली, तर तिचं वजन साधारण ७० ग्रेन, म्हणजे साडेचार ग्रॅम भरावं. पायरोडेक्स हलकी असते. त्याच मापातली पायरोडेक्स आरएस (रायफल-शॉटगनसाठीची जात) तराजूवर पन्नासच्या आसपास येते, आणि तरी बार ७०चाच देते. आता कुणी हुशारी करून तराजूवरच ७० ग्रेन तोलून घेतले, तर नळीत जवळपास शंभराचा बार गेला. तेव्हा तराजू पेटीत गेलेला बरा.

ट्रिपल सेव्हन या दुसऱ्या पर्यायी दारूची गोष्ट आणखी वेगळी. तिच्यात गंधक नाही आणि ती मापालाही तेज आहे. काळ्या दारूच्या बाराशी जुळवायचं तर माप १५ टक्क्यांनी उतरवायचं, ७०च्या जागी ६०. धूरविरहित दारू मात्र या नळीत चिमूटभरही नाही. नळी फाटते.

[दृश्य: नळीचं तोंड गवताजवळ. टोपी फुटते, गवताचं पातं हलतं.]

बार भरण्याआधी हे पाहून घ्यायचं. गज (गोळी ठासायची लांब सळी) आत सोडून नळी रिकामी असल्याची खात्री करायची, मग रिकाम्या नळीवर एक-दोन टोप्या फोडायच्या. पातं हललं म्हणजे निपलपासून, टोपी बसते त्या पोकळ बोंडीपासून, नळीपर्यंतची वाट मोकळी. नाही हललं तर आत तेल साचलंय, आणि तेलकट वाटेतून पायरोडेक्स धड पेटत नाही. ती पेटायला काळ्या दारूपेक्षा जास्त आच लागते, त्यामुळे ओलसर वाटेतून आलेली अर्धवट ठिणगी तिला पुरत नाही. निम्मे फुसके बार इथेच ठरतात.

[दृश्य: भरण्याची पूर्ण क्रिया, सलग.]

डब्यातून थेट नळीत कधीच ओतायची नाही. एखादा निखारा आत धुमसत असला तर सगळा डबा हातात पेटेल. आधी मापात, मापातून नळीत. वर वंगण लावलेली कापडाची चकती, जाडी ०.०१५ इंच. त्यावर ०.४९० इंचाची शिशाची गोळी. आखूड दांड्याने तोंडात बसवायची, मग गज. हात गजावर खालीच, वीतभर सरकवत. गजावर खूण केलेली आहे, बघा. गोळी दारूवर टेकली की ती खूण नळीच्या तोंडाशी येते. वर राहिली तर मध्ये पोकळी आहे, आणि पोकळीवर बार काढला तर नळी फुगते. पायरोडेक्सला दरवेळी सारखाच दाब लागतो, नाहीतर गोळ्या लक्ष्यावर वर-खाली पसरतात.

टोपी सगळ्यात शेवटी, नळी चांदमारीकडे वळल्यावर.

[दृश्य: घोडा पडतो, बार उडतो. धूर. हळू गतीत पुन्हा.]

टोपी फुटली आणि बार उडाला नाही, तर बंदूक खांद्यावरून उतरवायची घाई नको. नळी लक्ष्याकडेच धरून निदान एक मिनिट थांबायचं. उशिरा पेटणारे बार असतात.

[दृश्य: चकमकीची बंदूक, रंजकाची कटोरी.]

चकमकीच्या बंदुकीत टोपी नसते, गारगोटीची ठिणगी कटोरीतल्या दारूवर, म्हणजे रंजकावर पडते; तिथे या पर्यायांचं काही चालत नाही. रंजक म्हणून घ्यायची ती खरी, बारीक काळी दारू, आणि आमच्या मते नळीतही तीच. टोपीची बंदूक असेल तर मात्र पर्यायाने बिचकायचं कारण नाही.

[दृश्य: बादली. नळीचं बूड पाण्यात, गज वरखाली. पाणी काळं होतं.]

संध्याकाळ झाली तरी हे काम उद्यावर ढकलायचं नाही. पायरोडेक्समधल्या परक्लोरेटचं जळून क्लोराइड होतं, म्हणजे मिठाचीच जात, आणि ते हवेतलं पाणी ओढतं. नुसतं तेल फिरवलं तर मीठ तेलाखाली सुखाने बसून लोखंड खातं. तेलाने ते विरघळत नाही, पाण्याने विरघळतं. म्हणून निपल काढून घ्यायचं, बादलीत कढत पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब. चकती लावलेला गज पंपासारखा चालवायचा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. ट्रिपल सेव्हनला साधं पाणीही पुरतं, पण गोळी बसते तिथे ती कडक कडं धरते, ते दोन बारांमध्येच ओलसर चकतीने काढावं लागतं. ओलसर, चिंब नव्हे. चिंब चकती सगळा चिखल निपलच्या वाटेत ढकलते.

कढत पाण्याने तापलेली नळी आपोआप सुकते. मग तेल.

[दृश्य: सकाळ. पांढरी कोरडी चकती नळीतून बाहेर येते.]

दुसऱ्या दिवशी एक कोरडी चकती फिरवायची. तांबूस डाग आला, तर पुन्हा बादलीपासून.