पिशवीतल्या गोळ्या आणि रक्तातला रिपोर्ट

खानापूरहून बेळगावात आलेली सकाळची बस. उतरणाऱ्या बऱ्याच जणांच्या हातात प्लास्टिकची पिशवी आहे. आत फाईल, ईसीजी, गोळ्यांच्या स्ट्रिप. सीमाभागातला पेशंट हृदयासाठी बेळगाव गाठतो, पोटासाठी मिरज, आणि दोन्हीकडचे कागद एकाच पिशवीत राहतात.

ही पिशवी नीट पाहा. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसवल्यावर गुठळी होऊ नये म्हणून दिलेली क्लोपिडोग्रेल. तिच्या शेजारीच पित्तावरची ओमेप्राझोल.

क्लोपिडोग्रेल गिळताना निष्क्रिय असते. यकृतातलं सीवायपी२सी१९ हे विकर (एन्झाइम) तिला कामाला लावतं, मगच प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, एकमेकींना चिकटायच्या थांबतात. हे विकर घडवणाऱ्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. आपल्याकडे, दक्षिण आशियात, साधारण तीनांतली एक प्रत निकामी सापडते. दोन्ही प्रती तशा निघाल्या तर गोळीचा परिणाम बराच कमी. आणि ओमेप्राझोल त्याच विकराला अडवते, त्यामुळे ज्याचं जनुक चांगलं आहे त्याचंही विकर मंदावतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये ही जोडी टाळायला सांगितलं, २०१० मध्ये जनुकाबद्दलचा इशारा क्लोपिडोग्रेलच्या माहितीपत्रकावर चौकटीत छापायला लावला.

आता हे जनुक तपासणारी प्रयोगशाळा. नळीभर रक्त, त्यातल्या पांढऱ्या पेशींमधून वेगळा काढलेला डीएनए. पीसीआर यंत्र त्याला पुन्हा पुन्हा तापवतं, थंड करतं, हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढतं. पडद्यावर वर चढणारी ही रेष सांगते, जनुकाची प्रत चांगली की निकामी. हा रिपोर्ट जन्मभर तोच राहतो. पिशवी मात्र प्रत्येक डॉक्टरागणिक बदलते. म्हणून नुसता रिपोर्ट पुरत नाही, आणि नुसती पिशवी तपासूनही भागत नाही.

औषधाचा परिणाम सवयीनेही बदलतो. निपाणीचं हे तंबाखूचं शेत. बिडी ओढणाऱ्याचं यकृत दम्यावरचं थिओफिलिन लवकर संपवतं. त्याने बिडी सोडली की तोच डोस जास्त होऊ शकतो. बिडीची नोंद कुठल्या चिठ्ठीवर असते?

क्लोपिडोग्रेल कमी पडून स्टेंटमध्ये गुठळी झाली तर पुन्हा झटका येतो, जीवही जातो.

मेडिकलच्या काउंटरवर क्लोपिडोग्रेल आणि ओमेप्राझोल या दोन स्ट्रिप एकत्र आल्या तर फार्मासिस्टने डॉक्टरांना फोन करावा. पित्तासाठी पॅन्टोप्राझोल आहे, क्लोपिडोग्रेललाही पर्याय आहेत. डॉक्टरांनी मागचा प्रत्येक कागद मागून घ्यावा, मग तो कुठल्याही गावचा असो. आणि पेशंटने विचारावं जरूर, पण स्टेंटनंतरची गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नये.