कागदावरचं उणे १.८

यंत्राचा हात तिच्या कमरेवरून सावकाश सरकतो आहे. टोचत नाही, दुखत नाही. थोड्याच वेळात ती उठून चपला घालते आणि हातात कागद येतो. टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाच्या तुलनेत हाडाची घनता किती, उणे १.८. उणे १ पर्यंत ठीक, उणे २.५ ला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. ही मधेच कुठेतरी. वय ५२, तक्रार काहीच नाही. हाड झिजताना कुरकुरत नाही. कळतं ते थेट मनगट मोडल्यावर.

हाड म्हणजे वाळकं लाकूड नव्हे. काही पेशी जुनं हाड कुरतडत असतात, काही त्या जागी नवं रचत असतात. कुरतडणाऱ्यांना लगाम असतो इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा. पाळी जाते, तसा तो सुटतो, आणि पुढची काही वर्षं झीज सगळ्यात वेगानं होते.

मग सुरू होतात गोळ्या. कॅल्शियम हवंच, पन्नाशीनंतर दिवसाला साधारण १२०० मिलिग्रॅम, जमेल तितकं जेवणातूनच. पण एका वेळी ५०० पेक्षा जास्त घेतलं, तर शरीराला ते नीट शोषता येत नाही. ड जीवनसत्त्व कमी असेल, तर त्याहूनही कमी. पालकाचा बोलबाला फार, पण त्यातलंच ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य कॅल्शियमला धरून ठेवतं; दूध-दही त्यापेक्षा कितीतरी उजवं. आणि प्रथिनं विसरूच नका. कॅल्शियम बसतं ते कोलॅजनच्या जाळीवर, आणि कोलॅजन हे प्रथिनच.

एवढं सगळं खाऊनही हाडाला काम नसेल तर? अंतराळवीरांना विचारा. खाणंपिणं मोजूनमापून, तरी वजनरहित अवस्थेत खुब्याचं हाड महिन्याला एक-दीड टक्का घटतं. उलट टेनिसपटूचा रॅकेटचा हात पाहा, त्याचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड. भार पडेल तसं हाड घडतं, हे युलियस वोल्फ या जर्मन सर्जननं १८९२ मध्येच मांडलं होतं.

पोहणं हृदयाला छान, पण भार पाणीच उचलतं. रोजचं चालणं चांगलंच, फक्त हाडाला त्याची सवय होऊन जाते. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ स्त्रियांवर एक प्रयोग झाला. एका गटानं आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या नजरेखाली जड वजनं उचलली. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे ३ टक्क्यांनी वाढली. हलका व्यायाम करणाऱ्या गटाची घटली. (आधीच हाड मोडलेलं असेल, तर आधी डॉक्टर, मग वजनं.)

तीच बाई. पंधरवडा झालाय. दोन्ही हातांत नुसता बार, अजून एकही चकती नाही. गुडघे वाकतात, पाठ सरळ, ओठ घट्ट मिटलेले. प्रशिक्षक म्हणते, "ताई, श्वास सोडा."