सेलपासून बस डेपोपर्यंत

पडद्यावर दिसतोय तो १८६५० सेल, म्हणजे वाहनाच्या बॅटरीतला एक छोटा घटक. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५. एम.टेक.च्या विद्यार्थिनीनं त्याला थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, चिकटवलंय. आता हा सेल ४५ अंशांच्या चेंबरमध्ये जाईल. चंद्रपूरला मे महिन्यात उन्हात उभी असलेली स्कूटर याहून जास्त सोसते. चार्ज, डिस्चार्ज, पुन्हा चार्ज, शेकडो वेळा. दर फेरीला क्षमता किती घटली आणि तापमान कुठे चढलं, याची नोंद होत राहते.

इलेक्ट्रिक वाहनांचं एम.टेक. करायला येणाऱ्यांना आधी मोटर आठवते. खरा कस मात्र बॅटरीत लागतो. मेकॅनिकलवाल्यांना इथे इलेक्ट्रोकेमिस्ट्री शिकावी लागते आणि इलेक्ट्रिकलवाल्यांना उष्णता बाहेर कशी काढायची ते. आयआयटी दिल्लीनं २०२१ मध्ये इलेक्ट्रिक मोबिलिटीचं एम.टेक. जाहीर केलं, आयआयटी मद्रासनं त्याच वर्षी अनेक विभाग जोडून दुहेरी पदवी आणली.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात एक स्कूटर रस्त्याकडेला पेटली. एक सेल अति तापला की शेजारचा तापतो, मग त्याच्या शेजारचा. हाच थर्मल रनअवे. त्या वर्षीच्या आगींनंतर एआयएस-१५६ हे बॅटरीच्या सुरक्षेचं मानक कडक झालं. प्रयोगशाळेतल्या या कंटाळवाण्या नोंदींवर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो.

पण शाश्वत वाहतूक म्हणायची तर बसकडे वळायलाच हवं. पीएमपीएमएलच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या, इलेक्ट्रिक बस पुण्यात फेब्रुवारी २०१९ पासून धावतायत. समजा, एका डेपोत रात्री ४० बस एकदम चार्जिंगला लावल्या, प्रत्येकी १०० किलोवॅटनं. मागणी झाली ४ मेगावॅट! त्यासाठी मोठं रोहित्र हवं, शिवाय वीजबिलातला मागणी आकार, म्हणजे एका वेळच्या सर्वाधिक मागणीवर लागणारी रक्कम, वाढतो तो वेगळाच. त्याऐवजी बस पाळीपाळीनं लावता येतात. देशातली बहुतांश वीज अजून कोळशाची आहे. म्हणून काही बस दुपारी, गर्दी ओसरल्यावर, सौरऊर्जेवर चार्ज करता आल्या तर फारच उत्तम. हे वेळापत्रक बसवायला गणित लागतं, आणि डेपोतल्या टाइमकीपरशी बोलावंही लागतं.

कात्रजच्या चढावर भरलेली बस किती युनिट खाते? उतारावर ब्रेक लावताना मोटर जनरेटर होऊन त्यातली किती परत देते? सपाट रस्त्यावरच्या आकड्यांवरून हे कळत नाही. त्यासाठी डेटा लॉगर, म्हणजे आकडे टिपत राहणारं यंत्र, घेऊन ऐन गर्दीच्या वेळी त्या बसमध्ये चढावं लागतं.