आंघोळ न करता म्हटलेला मंत्र

(दृश्य: पंचगंगा घाट, पहाट)

साल 1899, कार्तिकातलं पहाटस्नान. शाहू महाराज नदीत उतरलेत. पुरोहित मंत्र म्हणतोय ते पुराणोक्त, म्हणजे पुराणांमधले, आणि स्वतः आंघोळ न करता. विचारल्यावर उत्तर आलं: शूद्रांना वेदोक्ताचा, म्हणजे वेदांमधल्या मंत्रांचा, अधिकार नाही, आणि पुराणोक्ताला आंघोळ लागत नाही.

हे उत्तर नीट ऐका. यात तर्क कुठेच चुकलेला नाही. पहिलं विधान मान्य केलं की पुढचं आपोआप येतं. खोट त्या पहिल्या विधानातच आहे, आणि तेच कुणी तपासू देत नाही.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटनं 1785 मध्ये कसोटी दिली: तुझ्या वागण्याचा नियम सगळ्यांचा नियम व्हावा, असं तुला म्हणता येईल का? कसोटी मोठी आहे, पण ती फसते नियमाच्या शब्दांत. 'अमुक जन्माच्या माणसाला अमुक मंत्र' असं लिहिलं, तर हाही नियम सगळ्यांना लावता येतो. म्हणून नियमाचे शब्द कोण ठरवतं, हे आधी विचारावं लागतं. इथे सत्ता येते.

(दृश्य: जुनी कागदपत्रं)

26 जुलै 1902 चा करवीरचा, म्हणजे शाहू महाराजांच्या कोल्हापूर संस्थानचा, हुकूम पाहा. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासवर्गीयांना. मागास म्हणजे कोण, तेही लिहिलंय. शिवाय प्रत्येक खातेप्रमुखानं नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी पाठवायचा. आमच्या मते हुकमाचा जीव या तक्त्यात आहे. तो नसता, तर 'लायक उमेदवार मिळाला नाही' एवढ्यावर काम भागलं असतं.

(दृश्य: भाऊसिंगजी रस्ता, चहाची वाफ)

पण विटाळ तक्त्यात मावत नाही. ती किळस आहे. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम म्हणायचा, बुद्धी भावनांची दासी. विटाळ मानणारा आधी मागे सरतो, कारण नंतर शोधतो. त्याच्याशी वाद घातला की तो नवं कारण आणतो, हात मात्र आखडलेलाच.

हौदातलं पाणी घेतलं म्हणून अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांना मार पडला होता. महाराजांनी त्यांना चहाचं दुकान घालून दिलं, तिथे गाडी थांबवून स्वतः चहा घेतला, सोबतच्यांनाही पाजला. किळस अशीच झिजते: घोट घ्यायचा, काही वाईट होत नाही हे पाहायचं, पुन्हा घ्यायचा. अडचण एवढीच, की महाराजांसमोर प्यायलेला माणूस घरी दाराबाहेरचा वेगळा कप तसाच ठेवू शकतो.

म्हणून 1919 च्या हुकमात ठिकाणं एकेक करून लिहिली: शाळा, दवाखाने, धर्मशाळा, नदीचे पाणवठे, विहिरी. नुसतं 'अस्पृश्यता पाळू नये' म्हटलं असतं, तर दुसऱ्याच दिवशी कुणीतरी विचारलं असतं, ही विहीर नक्की सार्वजनिक आहे का?