बॉक्सटाउनची हवा

(दृश्य: नदी, रेल्वेचे रूळ, झाडीतली बैठी घरं)

अमेरिकेत टेनेसी राज्यात मिसिसिपी नदीच्या काठावर मेम्फिस नावाचं शहर आहे, आणि त्या शहराच्या पार नैऋत्य टोकाला बॉक्सटाउन म्हणून एक वस्ती आहे. नाव कसं पडलं माहितीये? गुलामगिरीतून सुटलेली माणसं 1860 च्या दशकात इथे येऊन राहिली, हातात पैसा नव्हता, बांधायला सामान नव्हतं, मग मालगाडीचे मोडके डबे, ज्यांना तिकडे बॉक्सकार म्हणतात, त्यांची लाकडं गोळा करून त्यांनी घरं उभी केली. म्हणून बॉक्सटाउन. आजही इथे साधारण तीन हजार लोक राहतात, जवळपास सगळे ब्लॅक, आणि अनेकांची घरं आजीची, मग आईची, मग लेकीची अशी चालत आलेली.

आता नकाशा जरा लांबून बघूया. ही तेलाची रिफायनरी. हे अ‍ॅलन नावाचं कोळशावरचं वीज केंद्र, 2018 मध्ये बंद झालं पण कोळशाची राख मागे ठेवून गेलं. हा स्टीलचा कारखाना. हे सगळं मेम्फिसच्या याच कोपऱ्यात का आलं, हा प्रश्न इथली माणसं वर्षानुवर्षं विचारतायत, आणि 2020 मध्ये त्यांना त्याचं उत्तर चक्क तोंडावर मिळालं. बायहेलिया नावाची कच्च्या तेलाची पाइपलाइन या वस्तीतून न्यायची होती, लोकांच्या बैठकीत कंपनीच्या माणसाला विचारलं की हाच रस्ता का निवडला, तर तो म्हणाला की ही सगळ्यात कमी विरोधाची जागा आहे.

बस, त्या एका वाक्याने वस्ती पेटली. जस्टिन पिअरसन नावाचा इथलाच विशीतला तरुण पुढे आला, त्याच्या दोन्ही आज्या साठीतच कॅन्सरने गेलेल्या, शेजारपाजारचे म्हातारे लोक, चर्चमधल्या बायका, वकील, सगळे एकत्र झाले, मोर्चे काढले, शहराच्या पिण्याच्या पाण्याचा जो जमिनीखालचा साठा आहे त्याला धोका आहे हे पटवून दिलं, आणि जुलै 2021 मध्ये कंपनीने पाइपलाइन रद्द केली. कमी विरोधाची जागा जिंकली! तोच पिअरसन पुढे राज्याच्या विधानसभेत निवडून गेला.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे तीनच वर्षांनी इथे काय आलं ते समजायला ही गोष्ट माहीत पाहिजे.

(दृश्य: रात्री उजळलेली भली मोठी शेड, बाजूला उभी धुरांडी)

2024 च्या जूनमध्ये जाहीर झालं की इलॉन मस्क यांची एक्सएआय ही एआय कंपनी इथल्या बंद पडलेल्या इलेक्ट्रोलक्सच्या कारखान्यात एक सुपरकॉम्प्युटर उभारणार, नाव कोलोसस. ग्रोक नावाचा चॅटबॉट, म्हणजे प्रश्नांना उत्तरं देणारा एआय प्रोग्रॅम, त्याच्यावर ट्रेन होतो. कंपनी म्हणते 122 दिवसांत उभा केला, त्यात एक लाख चिप, नंतर त्या दुप्पट केल्या. आता आपल्या मोबाइलवर आपण प्रश्न टाइप करतो आणि दोन सेकंदांत उत्तर येतं ना, ते उत्तर कुठल्यातरी अशाच शेडमध्ये तयार होतं, आणि या चिप अफाट वीज खातात, वर त्यांना थंड ठेवायला पाणी लागतं ते वेगळंच. आपण क्लाउड क्लाउड म्हणतो पण मला हा शब्दच फसवा वाटतो, कारण ते जे काही आहे ते कोणाच्या तरी घराशेजारी जमिनीवर उभं असतं.

एवढी वीज ग्रिडकडून इतक्या पटकन मिळेना. मग कंपनीने गॅसवर चालणारे टर्बाइन आणून लावले, एकेक टर्बाइन मोठ्या ट्रेलरएवढा, म्हणजे कारखान्याच्या आवारात स्वतःचं एक वीज केंद्रच. आणि सुरुवातीला त्यासाठी हवेच्या प्रदूषणाचं परमिट नव्हतं, जिल्ह्याच्या आरोग्य खात्याचं म्हणणं असं होतं की हे हलवता येणारे टर्बाइन आहेत, एका जागी 364 दिवसांपेक्षा कमी राहिले तर परमिट लागत नाही. 2025 च्या वसंतात सदर्न एन्व्हायर्नमेंटल लॉ सेंटर या वकिलांच्या संस्थेने वरून फोटो काढले, तर मोजून 35 टर्बाइन. मग उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने पाहिलं तर त्यातले 33 तापलेले, म्हणजे चालू.

या धुरात काय असतं हे नीट ऐका. नायट्रोजन ऑक्साइड असतात, त्यावर ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो, आकाशात वर असतो तो चांगला पण नाकाशी आला की फुप्फुसं जाळतो, दम्याच्या पोराला रात्रभर बसून काढायला लावतो. आणि फॉर्माल्डिहाइड असतं, ज्याने कॅन्सर होऊ शकतो. बरं ही हवा आधी स्वच्छ होती असंही नाही, ओझोनसाठी अमेरिकन लंग असोसिएशनने या जिल्ह्याला आधीच एफ दिलाय, म्हणजे नापास. नापास झालेल्या हवेत आणखी धूर.

25 एप्रिल 2025 ला फेअरली हायस्कूलमध्ये जनसुनावणी झाली. हॉल भरलेला, एकामागून एक माणूस माइकवर येतोय, आपल्या घरातल्या दम्याबद्दल, गेलेल्या माणसांबद्दल बोलतोय. त्याआधी घराघरात पत्रकं पोचली होती, टर्बाइनमुळे फारसं प्रदूषण होत नाही असं सांगणारी, आणि लोक तेवढ्याच ठामपणे सांगत होते की आम्हाला वास येतो, आम्ही इथे राहतो.

दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. मेम्फिसचे महापौर पॉल यंग स्वतः ब्लॅक आहेत, त्यांचं म्हणणं की शहराला पैसा हवाय, या कंपनीकडून मोठा कर मिळेल, आणि त्या मालमत्ता कराचा 25 टक्के भाग पाच मैलांच्या आतल्या वस्त्यांवर खर्च व्हावा असा ठराव शहराने केलाय. ज्या वस्तीत शहराने नळ आणि गटारं यायला पिढी घालवली तिथे हा पैसा काही कमी नाही हे मला मान्य आहे. पण आधी धूर घ्या, मग रस्ता मिळेल, हा सौदा गावातल्या श्रीमंत भागात कोणी कधी मांडतं का? मला तरी हा सौदा सरळ अन्यायाचा वाटतो.

जुलै 2025 मध्ये आरोग्य खात्याने 15 टर्बाइनला परमिट दिलं. त्याच्या थोडं आधी, जूनमध्ये, ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठी 1909 पासून लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने कोर्टात जाणार अशी नोटीस दिली होती.

(दृश्य: जुनी टाइप केलेली पत्रं, हळूहळू जवळ जाणारा कॅमेरा)

कोणी विचारेल मराठीत हा व्हिडिओ कशाला. तर 1946 मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना एक पत्र लिहिलं होतं. तिकडच्या ब्लॅक लोकांनी आपली कैफियत घेऊन युनोकडे अर्ज केलाय असं त्यांनी ऐकलं होतं, त्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या, आणि त्यात ते लिहितात की भारतातले अस्पृश्य आणि अमेरिकेतले ब्लॅक यांच्या स्थितीत इतकं साम्य आहे की ब्लॅक लोकांच्या स्थितीचा अभ्यास करणं गरजेचंच आहे. डू बॉइस यांनी उलट टपाली आपुलकीने उत्तर दिलं. म्हणजे एकमेकांचे अर्ज मागवून वाचायची ही ओळख ऐंशी वर्षांची आहे. गावकुसाबाहेर कोणाला ठेवायचं आणि घाण कुठे टाकायची हे प्रश्न आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको.

धूर ही एक गोष्ट झाली. अशीच एआयची मशीन माणसाकडे बघते तेव्हा काय होतं ते डेट्रॉइटमध्ये दिसलं.

जानेवारी 2020, रॉबर्ट विल्यम्स नावाचा ब्लॅक माणूस कामावरून घरी आला, पोलिसांनी अंगणातच बेड्या घातल्या, बायको बघतेय, दोन लहान मुली बघतायत, मोठी पाच वर्षांची. आरोप काय तर एका दुकानातून 3,800 डॉलरची घड्याळं चोरली. दुकानाच्या कॅमेऱ्यातलं अंधुक चित्र चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं होतं आणि त्याने विल्यम्स यांच्या जुन्या लायसन्सचा फोटो पुढे केला. चौकशीत त्यांनी ते चित्र आपल्या चेहऱ्याशेजारी धरून दाखवलं, बघा हा मी आहे का. तरी साधारण 30 तास कोठडीत. पुढे 2023 मध्ये त्याच शहरात अशाच चुकीच्या जुळणीवरून पोर्शा वुडरफ यांना पकडलं, आठ महिन्यांची गरोदर बाई, आरोप गाडी लुटल्याचा!

हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही हो. 2018 मध्येच एमआयटीतल्या जॉय बुओलाम्विनी यांनी टिमनिट गेब्रू यांच्यासोबत तीन कंपन्यांची चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ते सांगणारी सॉफ्टवेअर तपासली होती, गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त 0.8 टक्के, सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत 34.7 टक्क्यांपर्यंत. जॉय स्वतः ब्लॅक, कॅमेऱ्याला त्यांचा चेहराच दिसेना, पांढरा मुखवटा घातला तेव्हा दिसला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे वाचलंच नाही. 2019 मध्ये अमेरिकन सरकारच्याच एनआयएसटी या संस्थेने 189 अल्गोरिदम तपासले, त्यातही अनेकांमध्ये ब्लॅक आणि आशियाई चेहऱ्यांची चुकीची जुळणी गोऱ्यांपेक्षा 10 ते 100 पट जास्त निघाली. आशियाई म्हणजे त्यात आपले चेहरेही आले.

विल्यम्स गप्प बसले नाहीत. कोर्टात गेले, तीन वर्षं लढले, जून 2024 मध्ये समझोता झाला, तीन लाख डॉलरची भरपाई मिळाली. पण मला मोठं वाटतं ते दुसरंच, पोलिसांना नियम लिहून द्यावा लागला की नुसतं मशीनने चेहरा जुळवला म्हणून कोणाला अटक करायची नाही, आणि 2017 पासूनच्या अशा केसेस परत तपासायच्या. एका माणसाने स्वतःच्या अंगणातला अपमान लोकांसमोर पुन्हा पुन्हा सांगितला म्हणून तो नियम झाला, कोणत्या इंजिनिअरने आपणहून दिला नाही.

(दृश्य: पुन्हा बॉक्सटाउन, संध्याकाळ)

मेम्फिसमधली धुराची गोष्ट अजून संपलेली नाही. काही मैलांवर राज्याची सीमा ओलांडली की मिसिसिपीतलं साउथहेवन लागतं, तिथेही याच कंपनीसाठी टर्बाइन येऊन उभे राहिलेत, आणि वाऱ्याला सीमा कुठली कळते.

इकडे बॉक्सटाउनची माणसं बैठकांना जातायत, माइकवर बोलतायत, ज्या पोरांनी पाइपलाइनच्या वेळी आईचा हात धरून मोर्चा पाहिला ती आता त्यांच्यासोबत येतायत. त्या 15 टर्बाइनचं परमिट 2 जानेवारी 2027 पर्यंत आहे.